‘हे आमचे नव्हे’ : हैतीच्या एका कादंबरीचे वाचक

गेल्या चातुर्मासात, आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेत दर पंधरवड्यास जमणाऱ्या वाचकमंडळीपुढे, आम्ही एका इंग्रजी कादंबरीचा परिचय करून दिला. परिचय अर्ध्यावर आला असेल नसेल तोच एक वयोवृद्ध गृहस्थ उठले. त्यांच्याविषयी आम्हांस मनापासून आदर आहे, आणि ते सहसा मध्ये बोलत नाहीत. ते म्हणाले, "वकीलबाब, पुस्तक चांगले असेल, पण ते या जागेत कशाला? आणि ज्या बाईने आपल्याच माणसांविषयी हे असले लिहिले, तिला तिच्या माणसांनी काय म्हटले, तेवढे आधी सांगा." बऱ्याच माना डोलल्या. बायका बसल्या होत्या त्या बाजूस मात्र कोणीच हलले नाही, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या प्रश्नाचे दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पहिल्याचे दिलेच नाही. वकिलीच्या धंद्यात प्रश्नाला बगल देणे अंगवळणी पडते. वाङ्मयाच्या कामी ती सवय फारशी उपयोगी नाही. म्हणून हा लेख.

ती कादंबरी म्हणजे एडवीज दांतिका यांची ‘ब्रेथ, आइज, मेमरी’, म्हणजे श्वास, डोळे, स्मृती. १९९४ साली ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका पंचवीस वर्षांच्या होत्या. हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रँस येथे १९६९ साली त्यांचा जन्म झाला. आईवडील पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कला गेले, मूल काकाकाकूंपाशी राहिले, आणि बाराव्या वर्षी तेही ब्रुकलिनला आपल्या आईवडिलांकडे गेले. कादंबरीची नायिका सोफी काको हीही अशीच मावशीपाशी वाढलेली आणि बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईकडे धाडलेली. चौकट एवढीच सारखी. आतील चित्र निराळे आहे, आणि पुढे जो वाद माजला त्याचे एक मूळ, वाचकांनी चौकटीवरून चित्राचा निकाल दिला, हे आहे.

कथाभाग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आरंभी लहानगी सोफी मातृदिनासाठी आती मावशीकरिता एक कार्ड करते व त्यावर वाळवलेले डॅफोडिलचे फूल चिकटवते. मावशी ते घेत नाही. हे तुझ्या आईचे, तिला दे, असे सांगते. जिने वाढवले तिने मातृत्वाचा मान नाकारावा, आणि जिला तो द्यावयाचा तिचा चेहरा मुलीला केवळ छायाचित्रातून ठाऊक असावा, या एका प्रसंगात पुढील सर्व दुःखाची नांदी आहे. न्यूयॉर्कला गेल्यावर सोफीला कळते की आपली आई मार्तीन रात्री किंचाळत उठते. सोळा वर्षांची असताना शाळेतून घरी येणाऱ्या मार्तीनला एका माणसाने उसाच्या मळ्यात ओढून नेले होते. त्याने तोंड झाकलेले होते. तो बहुधा तोंतों माकूतांपैकी, म्हणजे दुव्हालिये पितापुत्रांच्या १९५७ ते १९८६ या राजवटीत ज्या सशस्त्र टोळ्यांनी देश धाकात ठेवला त्यांपैकी, असावा. (हे नाव लोककथेतील, मुलांना पोत्यात घालून नेणाऱ्या बागुलबुवाचे आहे.) सोफी ही त्या बलात्काराची संतती. मुलीच्या चेहऱ्यात आईला त्या न पाहिलेल्या माणसाचा चेहरा दिसतो.

येथपर्यंत कोणाचा काहीच आक्षेप नव्हता. आक्षेप आहे तो यानंतरच्या भागास. मुलगी अठरा वर्षांची होते, शेजारच्या जोसेफ नावाच्या, वयाने बऱ्याच मोठ्या वादकावर तिचे मन बसते, आणि आईला संशय येतो. तेव्हापासून आई तिच्या कौमार्याची आपल्या बोटाने परीक्षा करू लागते. हीच परीक्षा मार्तीनची व आतीची त्यांच्या आईने, म्हणजे आजी इफेने, केली होती. मुलगी लग्नापर्यंत शुद्ध ठेवणे ही आईची जबाबदारी, आणि तिने ती पार पाडली याचा पुरावा हा! परीक्षा चालू असता मुलीचे मन दुसरीकडे लागावे म्हणून आई तिला जुळ्या देवतांची गोष्ट सांगते. कादंबरीतील हा प्रसंग आम्ही दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचवला नाही. शेवटी सोफी खलबत्त्यातील बत्ता घेते आणि स्वतःच्या शरीरावर वार करून परीक्षेचा विषयच संपवते. आई तिला घराबाहेर काढते. ती जोसेफशी लग्न करते, तिला मुलगी होते. पण शरीराविषयीची किळस तिच्या संसारात शिरून बसते. तान्ह्या मुलीला घेऊन ती हैतीला आजीकडे जाते, तेथे आई येऊन तिला परत नेते. मग मार्तीनला पुन्हा दिवस जातात, जुनी भुते उठतात, आणि ती स्वतःच्या पोटावर सुरी चालवून मरते. तिचे प्रेत मायदेशी आणून पुरतात. अंत्यविधी सोडून सोफी उसाच्या मळ्यात धावत जाते आणि उसांवर तुटून पडते.

आता वाचकांकडे वळू.

१९९८ साली ऑप्रा विनफ्री यांनी दूरचित्रवाणीवरील आपल्या वाचकमंडळासाठी हे पुस्तक निवडले, आणि एका लहान प्रकाशनसंस्थेने काढलेली, एका तरुण मुलीची पहिली कादंबरी अमेरिकेतील घरोघरी गेली. या वाचकांतील अनेकांनी हैती हा देश नकाशावर दाखवता आला नसता. पण हैतीत आया मुलींची अशी परीक्षा करतात, एवढे ज्ञान मात्र त्यांना एका पुस्तकात मिळाले. ते हळहळले. हळहळ ही वाचकाची प्रतिक्रिया म्हणून वाईट नव्हे. परंतु हळहळणारा मनुष्य उंच ओट्यावर उभा असतो, आणि ज्याच्यासाठी हळहळतो तो खाली अंगणात, हे अंगणातल्यास लगेच कळते.

अंगणातल्यांनी, म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्या हैतीकरांपैकी काहींनी, जे म्हटले ते दांतिका यांनी आपल्या ‘क्रिएट डेंजरसली’ या २०१० सालच्या निबंधसंग्रहात स्वतःच नमूद करून ठेवले आहे. एका स्त्रीने त्यांना पत्र लिहून खोटारडी ठरवले: तू आमची अब्रू घालवलीस, आम्हांला विकृत म्हणून जगापुढे उभे केलेस, असा त्याचा आशय. याच पुस्तकाबद्दल त्यांचा सन्मान होत होता त्या समारंभात एक गृहस्थ म्हणाले, हिला लिहावाचावयास शिकवले तरी कशाला? ही जे लिहिते ते आम्ही नव्हे. आणखी कोणी म्हटले की ही आपल्या संस्कृतीवर पोसलेले बांडगूळ आहे, पैशासाठी व नावासाठी ती विकते.

या लोकांना संकुचित म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. आम्हांस तसे करवत नाही. १९८३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एड्सचा धोका असणाऱ्या गटांत हैतीच्या लोकांची गणना केली. समलिंगी पुरुष, मादक द्रव्ये टोचून घेणारे, रक्तस्रावाचे रोगी आणि हैतीचे रहिवासी असे ते चार वर्ग. इतर तीन वर्ग वागणुकीवरून वा रोगावरून ठरले, चौथा राष्ट्रावरून. १९८५ साली हा उल्लेख काढला गेला. तोवर किती जणांच्या नोकऱ्या, घरे व मुलांचे शाळेतील सोबती गेले असतील, त्याचा हिशेब कोण ठेवतो? १९९० च्या फेब्रुवारीत अन्न व औषध प्रशासनाने कोणाही हैतीकराचे रक्त घेऊ नये अशी शिफारस केली. त्या एप्रिलमध्ये हजारो हैतीकर ब्रुकलिनच्या पुलावरून चालत गेले. आणि त्याच वर्षी ते धोरण मागे घ्यावे लागले. १९९१ साली निवडून आलेले अध्यक्ष आरिस्तीद यांना लष्कराने पदच्युत केल्यावर होड्यांतून निघालेल्या हैतीकरांना अमेरिकेने समुद्रातच अडवून ग्वांतानामोच्या तळावर डांबले. ज्यांचे रक्त दूषित म्हणून छापील कागदावर जाहीर झाले होते, त्यांच्या घरातील एका मुलीने चार वर्षांनी आमच्या घरांत हेही चालते असे इंग्रजीत लिहिले. त्यांनी पुस्तक वाचले ते या पार्श्वभूमीवर. स्वतः कादंबरीतही शाळेतील मुले हैतीच्या मुलांना घाणेरड्या वासाची म्हणून हिणवतात. लेखिकेला हे ठाऊक नव्हते असे नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना इतरांपेक्षा लवकर उमगेल. हैतीच्या गुलामांनी आपल्या देवता कॅथलिक संतांच्या तसबिरींमागे लपवून जगवल्या. कादंबरीतील आजी जिला भजते ती एर्झुली प्रेमाची देवता आहे आणि बाहेरच्यांसाठी ती कुमारी माता मरियेच्या रूपाने उभी असते. ज्यांचे देव सोळाव्या शतकात रातोरात नदी ओलांडून साष्टीतून अंत्रुजात आले, त्यांना वस्तू लपवून वाचवण्याचा हा मार्ग समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु जी सवय देव वाचवते तीच सवय पुढे घरातील इतर गोष्टींवरही पांघरूण घालू लागते. बाहेरच्याला सांगावयाचे नाही हा नियम आधी छळणाऱ्यांसाठी असतो. मग तो आपल्याच लेकीसुनांना लागू होतो, आणि कधी झाला हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आक्षेपकांच्या दुखण्याचा उगम खरा आहे, हे मान्य करूनही त्यांचा दावा आम्हांस टिकणारा वाटत नाही. दिवाणी कायद्यात प्रातिनिधिक दावा नावाचा एक प्रकार आहे. अनेकांचे हितसंबंध समान असतील तर त्यांपैकी एकाने, न्यायालयाच्या परवानगीने, सर्वांच्या वतीने उभे राहावे. मग निकाल सर्वांवर बंधनकारक होतो. परवानगी व सर्वांना नोटीस, या दोन अटी त्यात कळीच्या आहेत. सोफीने असा दावा कधी केला? तिने फक्त स्वतःची साक्ष दिली. तिची साक्ष सर्व हैतीच्या मुलींवर बंधनकारक मानली ती ओट्यावरच्या वाचकांनी, कोणाला नोटीस न देता. आणि अंगणातल्यांनी त्या चुकीचा जाब ओट्यावरच्यांना न विचारता साक्षीदारासच धरले. ‘हे आम्ही नव्हे’ हे वाक्य खरे असू शकते. पण ते सोफीस उद्देशून म्हटले की त्याचा अर्थ ‘तू आमच्यापैकी नव्हेस’ असा होतो. जिला आईने घराबाहेर काढले, तिला दुसऱ्यांदा घराबाहेर काढण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय ‘खोटे’ हा शब्द वापरणाऱ्यांनी कादंबरीतील एक जागा नीट वाचलेली दिसत नाही, आणि आमच्या मते सबंध पुस्तक त्या जागेवर तोलले आहे. मार्तीन मुलीला सांगते की आयुष्यातील आपली दोन मोठी दुःखे, आईची परीक्षा आणि मळ्यातील तो माणूस, एकमेकांत गुंतलेली आहेत. कारण त्या माणसाच्या कृत्यानंतर परीक्षा थांबली. राखावयाचे काही उरलेच नाही! हे वाचताना वकील या नात्याने आमच्या अंगावर काटा आला. एक गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अपराध, दुसरी आईचे कर्तव्य; आणि ज्या शरीरावर दोन्ही घडल्या त्याला त्यांत फरक करता येत नाही. लक्षात घ्यावे की खुद्द हैतीच्या दंडकायद्यात २००५ सालापर्यंत बलात्काराची गणना अब्रूविरुद्धच्या अपराधांत होत असे. अब्रू कोणाची? कायद्याचे व परंपरेचे शब्द एकच होते. मार्तीनने फिर्याद केली नाही, आणि केली असती तरी जिचा तोल गेला तिच्याविषयी ती नसती; ती घराण्याच्या नावाविषयी झाली असती.

या ठिकाणी आमचे अग्रशाळेतील गृहस्थ म्हणतील की हे दूरच्या बेटावरचे, आपला काय संबंध? जागतिक आरोग्य संघटनेने व संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी २०१८ साली जे संयुक्त निवेदन काढले, त्यात ही परीक्षा किमान वीस देशांत आढळल्याचे म्हटले आहे आणि तिला कोणताही शास्त्रीय आधार नाही असेही स्पष्ट सांगितले आहे. आपल्या देशात ती पोलीस ठाण्याच्या व सरकारी इस्पितळाच्या मार्गाने, अत्याचार झालेल्या स्त्रीच्या तपासणीत, वर्षानुवर्षे शिरली होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. तरीही ती चालूच राहिली, तेव्हा २०२२ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयास, यापुढे ती करणारा गैरवर्तणुकीचा दोषी समजला जाईल, असे बजावावे लागले. पहिल्या निकालानंतरची ती नऊ वर्षे आमच्या व्यवसायातील लोकांनी आठवून पाहावी. आम्ही स्वतः त्या वर्षांत अशा अहवालांची पाने उलटली आहेत, आणि त्यातील तो रकाना भरलेला पाहून प्रत्येक वेळी हरकत घेतली असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

महाराष्ट्रातील कंजारभाट समाजातील काही तरुणांनी २०१८ साली, लग्नानंतर नववधूची कौमार्यपरीक्षा घेण्याच्या जातपंचायतीच्या चालीविरुद्ध आवाज उठवला, ही हकीकत वृत्तपत्रांतून आलेली आहे. त्या जानेवारीत पुण्याजवळ पिंपरीस एका लग्नात त्यांच्यापैकी काहींना मारहाण झाली. आणि त्यांच्यावर जो आक्षेप आला तो दांतिका यांच्यावरील आक्षेपाची जणू नक्कल: तुम्ही समाजाची बदनामी करता. येथेही ओट्यावरच्या वाचकाने सावध असावे. या समाजावर इंग्रज सरकारने कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि तो स्वातंत्र्यानंतर १९५२ साली पुसला गेला. शिक्का बसलेल्या समाजाला आरशाची भीती वाटते. त्यातही, आरसा बाहेरच्यांच्या हाती पडला तर शिक्का तेवढाच दिसेल, ही भीती मोठी. हे जाणूनसुद्धा त्या तरुणांनी तोंड उघडले, आणि उघडले ते आतून. वृत्तपत्रांनी पुढे ‘कंजारभाटांची प्रथा’ एवढेच शीर्षक डोक्यात ठेवले असेल तर तो वृत्तपत्रांचा दोष, त्या तरुणांचा नव्हे. आपल्याकडील सरकारी अहवालांतील तो रकाना मात्र कोणत्याच समाजाच्या नावाने ओळखला गेला नाही, हे ओघात आले म्हणून सांगितले.

मराठी वाचकाला हे सारे नवे नाही. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली निघाला तेव्हा सुशिक्षित, अविवाहित मुलींच्या मनांतील घुसमट छापील पानावर आली एवढ्याने खळबळ उडाली. ही बाई कोण, की बाईच्या नावाने लिहिणारा कोणी पुरुष, याची चर्चा कथांपेक्षा अधिक झाली. त्या बाईने टोपणनाव घेतले होते, हे बरे. दांतिका यांनी ते घेतले नाही.

त्यांनी दुसरे एक केले. नंतरच्या आवृत्तीस त्यांनी उपसंहार जोडला. तो पत्राच्या रूपात असून आक्षेपकांना उद्देशून नाही. तो सोफीस लिहिला आहे. तुझी गोष्ट तुझी एकटीची आहे असेच मी धरून चालले होते, पण तुझ्या देशातील प्रत्येक मुलीचे ओझे तुझ्यावर टाकले जात आहे, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. या पत्राविषयी आमचे मन दुभंगलेले आहे. आपल्याच पात्राची क्षमा मागावी तशी ती रचना आहे, आणि आरोप करणाऱ्यांकडे न पाहता बोलण्यात एक शालीनता आहे. परंतु कोणत्याही न्यायालयाने समन्स काढले नसता लेखी कैफियत दाखल केल्यासारखेही ते वाटते. आता जो कोणी पुस्तक उघडतो त्याच्या हाती कादंबरीबरोबर तिचा खुलासाही पडतो. गोऱ्या अमेरिकन मुलीने आपल्या आईविषयी कादंबरी लिहिली असती तर, सर्व गोऱ्या आया अशा नसतात, असे परिशिष्ट तिच्याकडे कोणी मागितले असते काय? म्हणून उपसंहार नसता तर बरे झाले असते असे आम्हांस वाटते. आणि तो लिहिण्याची पाळी आली त्याबद्दल लेखिकेस दोष देववत नाही. पुढे त्या निबंधसंग्रहात त्या याहून सरळ बोलल्या आहेत. आरोप त्या साफ झटकून टाकत नाहीत. मी जे लिहिते त्यात सर्वांत जास्त वापर माझा स्वतःचाच होतो, आणि कोणासही दुखवावयाचे नाही असे ठरवले तर गप्प बसण्यावाचून काय उरते, असा त्यांचा प्रतिप्रश्न आहे.

कादंबरी निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही, आणि वादाच्या धुरळ्यात तिचे खरे दोष कोणी सांगावयाचे राहून जाऊ नयेत. जोसेफ हा पती इतका समजूतदार आहे की तो मनुष्य वाटत नाही. दार उघडावे, मूल घ्यावे, क्षमा करावी, एवढ्यासाठीच तो पानावर येतो. मार्तीनचा मित्र मार्क व्यवसायाने वकील आहे म्हणून आम्ही त्याच्याकडे आशेने पाहिले. पण त्याला चांगले जेवण व चांगले कपडे यांपलीकडे फारसे काही बोलू दिलेले नाही. सोफी ज्या उपचारमंडळात जाते तेथील प्रसंगांत निरनिराळ्या देशांतील दुखावलेल्या बायका आणून बसवल्या आहेत, त्या दुःखाच्या नमुन्यासारख्या वाटतात. आणि आक्षेपकांनी ‘आम्हांला नमुना केले’ ही तक्रार या प्रकरणाबद्दल केली असती तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो असतो. शेवटच्या भागात संकटांची इतकी गर्दी होते की मार्तीनचा मृत्यू वाचकास हादरवतो खरा, परंतु त्याच्या आधी श्वास घेण्यास जागा मिळत नाही. याउलट हैतीच्या खेड्यातील पाने किती भरलेली आहेत! बाजाराहून परतणाऱ्या बायका डोक्यावरचे ओझे उतरवताना एकमेकींना हाका मारून विचारतात, सुटलीस का? हा रोजचा साधा प्रश्न शेवटच्या पानावर उसाच्या मळ्याच्या कडेने आजीच्या तोंडी येतो तेव्हा त्याचा अर्थ फिरलेला असतो, आणि लेखिकेने त्यासाठी एकही शब्द जास्त खर्च केलेला नाही.

आती मावशी आम्हांस सर्वांत जवळची वाटली. ती लिहावाचावयास नकार देत राहते, आणि उतारवयाकडे झुकताना लुईझ नावाच्या मैत्रिणीकडून अक्षरे गिरवते, वहीत ओळी लिहू लागते. हिला लिहावाचावयास शिकवले कशाला, असे त्या समारंभात म्हणणाऱ्या गृहस्थांच्या हातून हे पान निसटले असावे. भाषेचाही प्रश्न यात आहे. आतीची बोली क्रेओल, शाळेची व कचेरीची भाषा फ्रेंच, आणि पुस्तक इंग्रजीत. क्रेओलला हैतीच्या राज्यघटनेने फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान दिले ते १९८७ साली. आपल्याकडचा राजभाषा कायदाही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग, पण या मासिकाच्या वाचकांना तो गमतीचा वाटेल. घरातील दुखणे कोणत्या भाषेत बोलावे आणि कोणत्या भाषेत लिहावे हा पेच दोन भाषांत वाढलेल्यांना चांगला ठाऊक असतो. परक्या भाषेत लिहिले म्हणून लाज गेली, असे आक्षेपक म्हणतात. आम्हांस उलट शंका येते, की परकी भाषा होती म्हणूनच ते लिहिता आले. जी गोष्ट आईच्या तोंडून आईच्या बोलीत ऐकली, ती त्याच बोलीत कागदावर उतरवताना हात थांबतो.

हे आम्हांस सुचले त्याला कारण घरातील एक प्रसंग. अग्रशाळेतील त्या सभेनंतर आमच्या घरातील माईंनी, ज्यांना इंग्रजी येत नाही, पुस्तकात असे आहे तरी काय म्हणून विचारले. आम्ही कोंकणीत कथा सांगू लागलो, आणि ‘परीक्षा’ या जागी येऊन अडलो. त्या गोष्टीस त्या बोलीत आमच्यापाशी शब्दच नव्हता. कसेबसे आडवळणाने सांगितले. माई हातातील वाती वळत राहिल्या. त्यांना धक्का बसेल, त्या आम्हांस गप्प करतील, अशी आमची अटकळ होती. त्यांनी एवढेच विचारले, "आनी आवयक कोणें तपाशिल्ली?" आम्ही म्हटले, आजीने. "आनी आजयेक?" याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. इफे नातीला एर्झुलीची मूर्ती देते आणि आपल्या हातून झालेल्या दुःखाबद्दल हळहळते, हे सांगितले. त्यावर माई म्हणाल्या की देवी दिली हे बरे केले, पण आधी हात आवरावयाचा होता.

अमेरिकेतील वा हैतीच्या वाचकांपैकी कोणी या कादंबरीविषयी याहून नेमके बोलले असेल तर आम्हांस ते वाचावयास आवडेल.

आता पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे या जागेत हे पुस्तक कशाला, याचे उत्तर. ज्या अग्रशाळेत आमच्या आज्या-पणज्या सोवळे-ओवळे, विटाळ, केशवपन या सर्वांसकट येऊन राहिल्या आणि ज्यांच्या मनातील एक अक्षरही देवस्थानाच्या कोणत्या वहीत लिहिले गेले नाही, ती जागा या पुस्तकास अपरिचित नाही. आम्ही त्या वयोवृद्ध गृहस्थांस तसे पत्राने कळवले आहे. त्यांनी उत्तरी लिहिले की मत बदललेले नाही, परंतु चर्चा अर्धवट राहिली हे त्यांनाही रुचलेले नाही. तेव्हा जत्रा आटोपल्यावर त्याच जागी पुन्हा बसण्याचे ठरले आहे. पुस्तकाच्या दोन प्रती वाचनालयात ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक सध्या बायकांच्या बाजूस फिरत आहे, आणि या वेळी आधी बोलण्याची पाळी त्यांची आहे.